ऊसतोडीच्या दिवसांत घरीं राहिलेल्या वृद्धांस आधार कोठें शोधावा
(उपदेशक व मंडळीचे वडील यांच्या वर्गासाठीं पाठ)



दिवाळीच्या आगेंमागें बीड जिल्ह्यांत व अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगांवाकडील भागांत काय होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस सांगावयास नको. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें भांडींकुंडीं, गोधड्या, कोंबड्या आणि तान्हीं मुलें ट्रकांत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघून जातात. नवरा व बायको मिळून एक कोयता समजला जातो. त्यामुळें घरांतील दोन धडधाकट माणसें एकाच दिवशीं घराबाहेर पडतात, तीं मार्च-एप्रिलांत गाळप संपल्यावर परत येतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि पुष्कळदां त्यांच्या हवालीं केलेलीं नातवंडें. २०११ च्या जनगणनेंत भारतांत साठ वर्षांवरील माणसें सुमारें १० कोटी ३८ लाख होतीं, व त्यांपैकीं सुमारें १ कोटी ११ लाख एकट्या महाराष्ट्रांत होतीं. ही संख्या त्यानंतर वाढलीच असली पाहिजे. परंतु या पाठांत आपणांस एवढ्या मोठ्या आंकड्याशीं कर्तव्य नाहीं. आपल्या वस्तींत दसऱ्यानंतर जीं पांचसात दारें अर्धवट लोटलेलीं दिसतात, त्या दारांमागच्या माणसांचा विचार करावयाचा आहे.

अशा वृद्धांविषयीं बोलणें निघालें कीं कोणी तरी लगेच म्हणतो, यांना एखाद्या वृद्धाश्रमांत ठेवावें. ज्याला घर नाहीं व पाहणारें कोणी नाहीं त्याला तें ठीक. पण ज्याचें घर आहे, दारांत शेळी आहे, ज्याला अंधारांतही आपला उंबरा पायांनीं ओळखतां येतो, त्याला तेथून उचलून नेणें म्हणजे सोय करणें नव्हे. तो घरींच राहावा आणि आधार त्याच्याकडे चालत यावा, हेंच बहुतेक वृद्धांचें मागणें असतें व तें रास्त आहे. शिवाय असा आधार मुळींच नाहीं, असेंही नाहीं. तहसील कचेरींत वेतन आहे, रेशन दुकानांत धान्य आहे, आरोग्य उपकेंद्रांत औषध आहे, न्यायालयाच्या आवारांत फुकट सल्ला आहे. अडचण ती निराळीच. यांतील प्रत्येक गोष्ट निराळ्या दाराशीं आहे, प्रत्येक दाराचा कागद निराळा आहे, आणि प्रत्येक दाराशीं चालणारे पाय, वाचणारे डोळे व वाजणारा मोबाईल यांची गरज पडते. कोयता गेला कीं नेमक्या याच तीन गोष्टी घरांतून जातात. म्हणून योजनांचीं नांवें पाठ करण्याच्या आधीं, कोणाच्या पायांनीं त्या दारापर्यंत जावयाचें, हें गांवानें ठरविलें पाहिजे.

प्रथम विचारपूस कशी करावी तें पाहूं. घरीं जाऊन "मावशी, कांहीं अडचण आहे का?" असें विचारलें, तर उत्तर ठरलेलें असतें: "कांहीं नाहीं बाबा, बरं चाललंय." यांत खोटेपणा नसतो. अडचण सांगणें म्हणजे कामाला गेलेल्या लेकाची तक्रार करणें, असें त्या माउलीस वाटतें. तेव्हां प्रश्न लहान असावा व चालू दिवसाचा असावा. "मावशी, काल रात्रीं चूल पेटली होती का?" असें विचारा. ती म्हणेल, "एकटीसाठीं कशाला पेटवूं? चहासंगं भाकर खाल्ली." त्या एका उत्तरांत सरपण, दृष्टि, भूक व एकटेपणा हीं चारही कळून येतात. पाणी कोण आणून देतें? रात्रीं बाहेर जावें लागलें तर दिवा कोठें असतो? गोळ्यांपैकीं कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची, हें कशावरून ओळखतां? मागल्या वेळीं बँकेंतून पैसे कोणीं आणले, आणि किती आणले? हे प्रश्न एका बैठकींत संपवूं नयेत. पहिल्या दिवशीं बसावें, चहा घ्यावा, नातवाचा अभ्यास पाहावा, आणि एकच प्रश्न विचारून उठावें. जो मनुष्य पहिल्याच भेटींत वही काढून लिहूं लागतो, त्याला वृद्ध मंडळी सरकारी पाहणीवाला समजतात व त्याप्रमाणेंच उत्तरें देतात.

पुढें यादी करावी. यादी म्हटली कीं ती आपल्याच मंडळीपुरती करण्याचा मोह होतो. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांतील हकीकत वर्गाला ठाऊकच आहे: रोजच्या वांटणींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतें, तेव्हां त्या कामासाठीं सात पुरुष निवडले गेले. आपण बहुधा तेवढेंच वाचून पुढें जातों. पण त्या सात जणांचीं नांवें पाहा. तीं सर्व ग्रीक आहेत. तेव्हां ज्यांच्याकडे दुर्लक्ष होत होतें त्यांच्याच भाषेचे, त्यांच्याच घराजवळचे लोक निवडले असावेत, असें दिसतें. आपल्या गांवींही यादी धरणारा मनुष्य त्या वस्तींतलाच असावा. मग तो मंडळींतला असो वा नसो, शिकलेला असो वा नसो. वाडीवरच्या आजीकडे गांवठाणांतला उपदेशक आठवड्यांतून एकदां जाईल; पलीकडच्या घरची सून मात्र दिवसांतून चारदां तिच्या दारावरून जाते. यादी त्या सुनेच्या स्वाधीन करावी, व उपदेशकानें तिचें लिहिण्याचें काम करावें.

आतां कागदांचें प्रकरण. येथें थोडें थांबणें जरूर आहे, कारण सर्वांत जास्त घोटाळा येथेंच होतो. बहुतेक घरांत आईच्या आधार कार्डास व बँकखात्यास लेकाचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. लेक गांवीं असतो तोंवर ही सोय वाटते. तो कोल्हापूर किंवा बेळगांवाकडील उसाच्या फडांत गेला, कीं ऑनलाइन केंद्रावर म्हातारीच्या अर्जासाठीं जो ओटीपी येतो तो तिकडे त्याच्या खिशांत वाजतो. तो पहाटेपासून तोडींत असतो, पांच-दहा मिनिटांत त्या आंकड्याची मुदत संपते, केंद्रचालक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि म्हातारी दहा मैल परत येते. तिला सांगितलें जातें, "तुमचं काम झालं नाहीं." कां झालें नाहीं तें कोणी सांगत नाहीं.

यासाठीं दसऱ्याच्या सुमारास, मुकादमाची गाडी येण्यापूर्वीं, लेक-सून घरीं असतांनाच एका संध्याकाळीं सर्वांनीं बसावें. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचें पासबुक, वयाचा पुरावा, डॉक्टरची चिठ्ठी व चालू असलेल्या औषधांचें वेष्टन हीं एका पिशवींत घालून ती पिशवी घरींच ठेवावी. लेकानें चुकून आईचें आधार कार्ड आपल्या कागदांबरोबर नेलें, असें वारंवार घडतें. गाडींत बसण्यापूर्वीं तें एकदां पाहावें. आधार केंद्रांत जाऊन मोबाईल क्रमांक बदलतां येतो व त्यास कोणताही कागद द्यावा लागत नाहीं. शक्य असेल तर एक साधा फोन व त्यांतील क्रमांक वृद्धाच्याच उशाशीं असावा, व तोच आधारास जोडावा. शेजाऱ्याचा क्रमांक जोडण्यास लोक तयार असतात, पण आम्हांस तें बरें वाटत नाहीं. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो त्याच्या हातीं खात्याची किल्ली येते. तसेंच खुरप्यानें व विळ्यानें झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास उमटत नाहीं, ही तक्रार फार आहे. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटविण्याचीही सोय असते. ती मागितल्याशिवाय कोणी दाखवीत नाहीं.

वेतनाविषयीं. ज्यांचें वय पासष्ट पूर्ण झालें आहे, जे निदान १५ वर्षें महाराष्ट्रांत राहत आहेत, व ज्यांचें नांव दारिद्र्यरेषेच्या यादींत आहे किंवा ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत आहे, त्यांच्यासाठीं राज्य सरकारची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. हें वेतन २०२३ सालीं महिना १,००० रुपयांवरून १,५०० रुपयांवर नेण्यांत आलें. दारिद्र्यरेषेच्या यादींतील वृद्धांस केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेची रक्कम यांतच मिळून येते. पासष्टच्या आंतील निराधार विधवा, दिव्यांग व इतर निराधार यांच्यासाठीं संजय गांधी निराधार अनुदान योजना निराळी आहे. दोहोंचा अर्ज तहसील कचेरींतील संजय गांधी शाखेंत, किंवा सेतू अथवा आपले सरकार केंद्रामार्फत करावा लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं तलाठ्याकडे जावें लागतें. तलाठ्याचें पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे, म्हणून कचेरींत पाटी निराळी दिसली तर गोंधळूं नये.

२१,००० रुपयांची ही मर्यादा, आमच्या मतें, फारच खालीं आहे. सबंध कुटुंबानें दिवसाला साठ रुपयांहूनही कमी मिळवावें, तेव्हां म्हातारीस वेतन, असा तिचा अर्थ होतो. तथापि मर्यादा कडक आहे म्हणून अर्ज करण्यापूर्वींच "आपलं बसत नाहीं" असें घरीं बसून ठरवूं नये. तें ठरविणें कचेरीचें काम आहे. आणखी एक गोष्ट बायांच्या लक्षांत आणून द्यावी. २०२४ सालीं सुरू झालेली लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वर्षें वयाच्या स्त्रियांसाठीं आहे. पासष्ट उलटल्यावर ती बंद होते, व कित्येकींस पैसे कां थांबले हेंच कळत नाहीं. वय भरत आलें असेल तर श्रावणबाळच्या अर्जाची तयारी आधींच करावी.

अर्ज दिला कीं पोच घ्यावी, व पोच पिशवींत ठेवावी. पोच नसलेला अर्ज दिला होता हें कोणासही सिद्ध करतां येत नाहीं. पुढें वर्षांतून एकदां हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत माणसानें आपण जिवंत आहों असें कागदावर सांगावें, याचें वृद्धांस हसूं येतें व रागही येतो. पण तो दाखला न गेल्यानें वेतन थांबतें. थांबलेलें वेतन विचारावयास जातांना तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या: दाखला गेला होता का, खातें आधारशीं जोडलेलें आहे का (कारण रक्कम आतां थेट त्या खात्यांत जमा होते), आणि पुष्कळ दिवस व्यवहार न झाल्यामुळें बँकेनें खातें निष्क्रिय तर केलें नाहीं ना. हे तीन प्रश्न घेऊन गेलेल्या माणसास कारकून सहसा "उद्यां या" म्हणून परत लावीत नाहीं.

पैसे घरीं आणण्याविषयीं थोडेंसें. सत्तर वर्षांवरील खातेदारांस बँकेची साधी सेवा घरीं देण्याची व्यवस्था करावी, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं बँकांस कळविलें आहे. खेड्यांत ही सेवा क्वचितच दिसते, तरी शाखाधिकाऱ्याकडे लेखी मागणी करण्यास हरकत नाहीं. पोस्टाची पेमेंट्स बँक २०१८ पासून सुरू आहे, व पोस्टमनाच्या हातांतील यंत्रावर अंगठा लावून कोणत्याही बँकेंतील आधारशीं जोडलेल्या खात्यांतून घरबसल्या रक्कम घेतां येते. आपल्या गांवचा पोस्टमन हें करतो कीं नाहीं, हें त्यालाच विचारावें. तो रोज दारावरून जाणारा मनुष्य आहे, हाही एक लाभच आहे.

धान्याचें काम त्यामानानें सोपें आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबास महिना ३५ किलो व प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशीं ५ किलो धान्य मिळतें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. कार्ड एकच असून लेक-सून बाहेरगांवीं असतील, तर त्यांनीं आपला वांटा कारखान्याच्या गांवीं घ्यावा व म्हाताऱ्यांनीं आपला घरीं घ्यावा, अशीही सोय एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेंत आहे. ती दुकानदारास आधीं विचारून घ्यावी, नाहीं तर महिन्याच्या शेवटीं तंटा होतो. अंगठा उमटला नाहीं एवढ्यावरून कोणाचेंही धान्य नाकारूं नये, असें केंद्र सरकारनें २०१७ सालीं राज्यांस कळविलेलें आहे. दुकानदाराशीं भांडत बसण्यापेक्षां तहसीलच्या पुरवठा शाखेंत दोन ओळी लिहून देणें बरें. धान्य मिळालें तरी तें दळून कोण आणणार, हा प्रश्न मात्र कोणत्याही योजनेंत सुटलेला नाहीं.

आरोग्याकडे वळूं. गांवची आशाताई ही या कामांतील पहिली व्यक्ति होय. साधारण हजार वस्तीमागें एक आशा असते, व कोणत्या घरांत रक्तदाब, मधुमेह किंवा पडून असलेला मनुष्य आहे, हें तिला बहुधा कोणाहीपेक्षां अधिक ठाऊक असतें. वृद्धांच्या आरोग्यासाठीं केंद्र सरकारनें २०१० सालीं एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यांत अंथरुणास खिळलेल्या वृद्धास आरोग्यसेविकेनें घरीं जाऊन पाहावें व प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यांतून एक दिवस वृद्धांची तपासणी व्हावी, असें योजिलेलें आहे. आपल्या केंद्रांत तो वार कोणता, हें वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारून मंदिराच्या फळ्यावर लिहून ठेवावें. विचारणारे लोक असले कीं वार पाळला जातो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत व रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत फुकट होते. ती ऊसतोडीपूर्वीं करून घ्यावी, कारण त्यानंतर कांहीं दिवस डोळ्यांत औषध घालणारें माणूस लागतें, व हंगामांत तेंच घरीं नसतें.

सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकास, मग तो गरीब असो वा श्रीमंत, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळूं शकतें. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार यादींतील रुग्णालयांत होतात. परंतु तें रुग्णालयांत दाखल झालेल्यासाठीं आहे. रोजच्या गोळ्यांस व तपासणीस तें चालत नाहीं. ही गोष्ट आधींच सांगून ठेवावी, नाहीं तर कार्ड असून पैसे कां मागतात म्हणून वृद्धांचा विश्वास उडतो. अचानक दुखणें आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. तो क्रमांक भिंतीवर कोळशानें मोठा लिहून ठेवावा. फोनांत साठविलेला क्रमांक ऐन वेळीं म्हाताऱ्या डोळ्यांस सांपडत नाहीं.

तालुक्यास जाण्यासाठीं एसटींत ६५ ते ७५ वर्षांच्या वृद्धांस अर्धें भाडें आहे, व पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांस ऑगस्ट २०२२ पासून राज्यांत मोफत प्रवास आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठीं पासष्ट वर्षांवरील व दोन लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या वृद्धांस एकदांच ३,००० रुपये देण्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ सालीं काढण्यांत आली. सध्यां अर्ज घेत आहेत कीं नाहींत, हें जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरींत फोनवर विचारूनच निघावें. दृष्टि किंवा चालणें ४० टक्क्यांहून अधिक गेलें असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला काढावा. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठीं खर्च करावयाची असते, व त्याविषयीं ग्रामसभेंत विचारण्याचा प्रत्येक ग्रामस्थास हक्क आहे.

एवढें सर्व झालें तरी पाण्याचा हंडा कोणतीही कचेरी उचलून देत नाहीं. येथें गांवच लागतें. आमची सूचना अशी कीं, एका वृद्धामागें एकच मनुष्य नेमूं नये, तीन नेमावे: एक सकाळीं दार उघडलें का पाहणारा, एक आठवड्यानें दळण व औषध पाहणारा, आणि एक कचेरीचें काम करणारा. एकाच माणसावर सर्व भार टाकला तर तो महिन्याभरांत कंटाळतो, आणि कंटाळलेल्या माणसाचें उपकार घेणें वृद्धांस उपाशी राहण्यापेक्षांही कठीण वाटतें. बचत गटाच्या स्त्रिया हें काम फार चांगलें करतात. जेथें ज्येष्ठ नागरिक संघ आहे तेथें त्याच्याशीं संबंध जोडावा. शाळेंतील मोठीं मुलें संध्याकाळीं फोन लावून देणें, चिठ्ठी वाचून दाखविणें एवढें सहज करतील. आणि ज्यांना मदत करावयाची त्यांच्याकडूनही कांहीं घ्यावें. जी आजी चालूं शकत नाहीं ती तासभर कोणाचें मूल सांभाळूं शकते. ज्या बाबांस ऐकूं येत नाहीं ते दोर वळून देऊं शकतात. यामुळें त्यांच्या दाराशीं येणारा मनुष्य दया करावयास आला आहे असें वाटत नाहीं, व तें पुन्हां पुन्हां दार उघडतात.

आतां एक नाजूक गोष्ट. घरीं एकटे राहिलेले सर्वच वृद्ध टाकलेले नसतात. उचल फेडण्यासाठीं जो लेक गेला तो निष्ठुर नव्हे. तोही बांधलेलाच आहे. त्याच्यावर कायद्याची भाषा वापरूं नये. परंतु जेथें जमीन नांवावर करून घेतली, पैसा आहे, आणि तरी आईबापांस भाकर नाहीं, तेथें गप्प राहणें म्हणजे अन्यायास साह्य करणें होय. अशांसाठीं २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचें पालनपोषण व कल्याण यांविषयींचा कायदा आहे. साठ वर्षांवरील मनुष्यास, किंवा वय कितीही असलें तरी आईबापांस, उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. स्वतः जातां येत नसल्यास दुसऱ्या माणसास किंवा संस्थेस अधिकार देतां येतो. वकील लागत नाहीं. नोटीस पोंचल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल व्हावा असा नियम आहे, व महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरवितां येते. मूलबाळ नसल्यास ज्या नातलगास मालमत्ता मिळणार, त्याच्यावरही ही जबाबदारी आहे. तालुका न्यायालयांतील विधी सेवा समिती अर्ज लिहून देण्यास मदत करते. स्त्रीस तर उत्पन्न न पाहतां, ती स्त्री आहे एवढ्यावरूनच, ही मदत विनामूल्य मिळते.

याहूनही उपयोगी कलम तेविसावें आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली व सांभाळ केला नाहीं, तर तो दस्त न्यायाधिकरण रद्द ठरवूं शकतें. पण सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें कीं, अशी अट होती हें दिसलें पाहिजे. म्हणून ज्यांस आपल्या हयातींत जमीन मुलाच्या नांवें करावयाची असेल, त्यांनीं बक्षीसपत्रांतच "देणाराचें अन्न, वस्त्र, औषध व राहणें पाहण्याच्या अटीवर" असें लिहवून घ्यावें. मुलाशीं प्रेम असतांना असें लिहिणें अपमानाचें वाटतें, हें खरें. आमच्या मतें तें लेकालाही हितकर आहे, कारण भावाभावांत पुढें वाद होत नाहीं. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वीं दोन वडीलधाऱ्यांनीं मुलाशीं बोलून पाहावें. मारहाण किंवा उपासमार असेल तर मात्र बोलण्यांत दिवस घालवूं नयेत. १४५६७ हा वृद्धांसाठींचा राष्ट्रीय फोन क्रमांक आहे. त्यावर सकाळीं ८ पासून रात्रीं ८ पर्यंत माहिती, सल्ला व जरूर पडल्यास सोडवणूक यांची मदत मिळते. तातडीचें असेल तर ११२ वर पोलिसांस बोलवावें.

शेवटीं मदत करणाऱ्यांच्या हिशेबाविषयीं. पासबुक, बँकेचें कार्ड किंवा गुप्त क्रमांक मदतनीसानें आपल्याजवळ ठेवूं नये, वृद्धानें आग्रह केला तरीही. पैसे काढावयास दोघांनीं बरोबर जावें, व घरीं आल्यावर नोटा त्या वृद्धाच्या हातांत मोजून द्याव्या. दिसत नसेल तर मोठ्यानें मोजाव्या. एका साध्या वहींत तारीख, काम व खर्च लिहावा: अमुक दिवशीं हयातीचा दाखला दिला, अमुक दिवशीं गोळ्या आणल्या, इतके रुपये काढले, इतके हातीं दिले. महिन्यांतून एकदां हें पान फोनवर लेकास वाचून दाखवावें, म्हणजे तिकडे फडांतही त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. हंगाम संपून घरचे लोक परत आले कीं, दोन-चार दिवस त्यांचा शीण जाऊं द्यावा, मग वही घेऊन जावें व आईच्या समक्ष सर्व हिशेब वाचून द्यावा. त्या वहीची नक्कल त्यांच्याजवळ द्यावी. मूळ वही पुढच्या दसऱ्याच्या बैठकीसाठीं वस्तींतच ठेवावी.